टॅलीप्राइम आणि एक्सेलची जोडी: वीस तारखेला सातच्या आत घरी?

अकाउंटंटचं कॅलेंडर सरकार लिहितं. ७ ला टीडीएसचं (उगमावर कापलेल्या कराचं) चलन, ११ ला आर-वन (विक्रीचं जीएसटी रिटर्न), १३ ला तिमाहीवाल्यांचं आयएफएफ (मधल्या महिन्यांची विक्रीची बिलं दाखवायची सोय), १४ ला टू-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणारी यादी) तयार, १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला थ्री-बी (कर भरायचं जीएसटी रिटर्न) आणि तिमाही रिटर्नच्या पार्ट्यांसाठी, म्हणजे ग्राहकांसाठी, महाराष्ट्रात २२. लग्नकार्य, मुलांच्या परीक्षा, घरचं आजारपण, सगळं यातून उरलेल्या दिवसांत बसवायचं.

ऑटोमेशन विकणारा प्रत्येक जण एंट्री किती सेकंदांत पडते ते दाखवतो. इथली कसोटी वेगळी आहे. टिळक रोडला किंवा सदाशिव पेठेत दोन खोल्यांचं कार्यालय, दोन-तीन सहायक, चाळीस-पन्नास पार्ट्या. अशा ठिकाणी टॅलीप्राइम (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेलमधली पॉवर क्वेरी (डेटा ओढून साफ करायचं साधन) नीट बसवली, तर ११ आणि २० तारखेच्या रात्री मोकळ्या होतात का? होतात. पण ज्या कामासाठी या गोष्टी विकल्या जातात त्या कामाने फारसं काही होत नाही. एंट्री भराभर पडली आणि बिलं मात्र १८ तारखेलाच आली, तर रात्र जाते ती जातेच. काम महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ओढून आणणारं जे काही असेल, तेच खरं कामाचं. हा निकष धरूनच पुढचं सगळं तोललं आहे.

खर्च

टॅलीप्राइम सिल्व्हर, म्हणजे एका संगणकापुरता कायमचा परवाना, यादीभावाने २२,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २६,५५०. लॅनवर अनेकांनी वापरायचा गोल्ड परवाना ६७,५००, करासह ७९,६५०. घेण्याआधी त्या दिवसाचा भाव विचारून घ्या. दुसऱ्या वर्षापासून टीएसएसचं, म्हणजे टॅलीच्या सेवा-वर्गणीचं, नूतनीकरण येतं आणि कंजुषी नेमकी इथेच केली जाते. टीएसएस संपलं तरी एंट्री चालू राहतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. मात्र पोर्टलशी जोडलेलं जीएसटी, बँकेची जोडणी, नवी आवृत्ती हे सगळं थांबतं. ज्या सोयींसाठी हे परीक्षण लिहिलं आहे त्या टीएसएस चालू असेल तरच मिळतात.

आवृत्तीही बघा. एक्सेलमधून थेट इम्पोर्ट आणि व्हॉट्सअ‍ॅप ४.० मध्ये आलं, आर-वन टॅलीतूनच चढवणं आणि टू-ए (टू-बीसारखीच, पण सतत बदलणारी यादी) आणि टू-बी उतरवणं ५.० मध्ये, आणि बँकेची जोडणी २०२५ मधल्या ६.० मध्ये. अनेक कार्यालयांत अजून जुनीच आवृत्ती चालते, कारण 'चाललंय ना, मग कशाला हात लावायचा'. पॉवर क्वेरीला वेगळे पैसे नाहीत, एक्सेल २०१६ पासून ती आतच आहे. पीडीएफ थेट वाचायची सोय हवी तर मायक्रोसॉफ्ट ३६५ चं एक्सेल घ्या.

बँक स्टेटमेंट

सहायकाचे सगळ्यात जास्त तास इथे जातात. वर्षाच्या शेवटी ३०० ओळींचं स्टेटमेंट हाताने मारायचं, दर ओळीला ४० सेकंद धरले तरी ३ तास २० मिनिटं. इम्पोर्टने हे काम खरोखर अर्ध्या-पाऊण तासावर येतं, पण तयारी केली असेल तरच.

मोठ्या बँकांची स्टेटमेंटं एक्सेल किंवा एमटी ९४० (बँकांचा ठरीव फाइलप्रकार) मध्ये मिळतात आणि टॅली ती सरळ घेतं. सहाव्या आवृत्तीत स्टेटमेंटच्या ओळींवरून एकगठ्ठा व्हाउचर करता येतात. थेट बँकेशी जोडणी मात्र मोजक्याच बँकांपुरती आहे. पुण्यातल्या व्यापाऱ्याचं खातं हमखास एखाद्या सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असतं, आणि तिथून येते ती पीडीएफ. इथे पॉवर क्वेरी लागते.

पीडीएफला पासवर्ड असेल तर क्रोममध्ये उघडून 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ'ने पासवर्डाशिवाय जतन करा. मग डेटा, गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम पीडीएफ. प्रत्येक पानाचं वेगळं टेबल दिसेल, सगळी निवडून एकाखाली एक जोडा. इथून पुढे तीन खड्डे आहेत.

पहिला तारखेचा. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ०५-०४ म्हणजे ५ एप्रिल हा ४ मे होतो आणि १२ च्या पुढचे दिवस 'एरर' दाखवतात. एरर दिसतात म्हणून त्या दुरुस्त होतात. न दिसणाऱ्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा चुकीच्या महिन्यात जाऊन बसतात, तेच जास्त वाईट. रकान्याचा प्रकार बदलताना 'युजिंग लोकेल' निवडून इंग्लिश (इंडिया) द्या. दुसरा खड्डा रकमेचा. '१,२५,०००.०० सीआर' ही एक्सेलच्या दृष्टीने अक्षरं आहेत. स्वल्पविराम आणि सीआर-डीआर काढून त्यांचा वेगळा रकाना करा. तिसरा पानाच्या तळाचा. पान बदलताना एखादी ओळ गळते किंवा लांब वर्णन दोन ओळींत फुटतं.

या तिसऱ्यासाठी एक साधी चाचणी कायमची लावून ठेवा: मागची शिल्लक अधिक जमा वजा नावे बरोबर या ओळीची शिल्लक. ज्या ओळीत फरक शून्य नाही, तिच्या आसपास काहीतरी हरवलं आहे. फक्त शेवटची शिल्लक जुळवून पुढे जाणाऱ्यांना दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात हे कळत नाही.

मग लेजर, म्हणजे खातं, लावणं. एका शीटवर दोन रकाने: वर्णनात येणारा शब्द आणि त्याचं लेजर. 'एमएसईडीसीएल' आलं तर वीज खर्च, भाडेकरूचं नाव आलं तर भाडं जमा. जास्त अक्षरांचा शब्द वर ठेवा, नाहीतर 'शहा' हा शब्द 'शहा ट्रेडर्स'ची रक्कमही स्वतःकडे ओढून घेतो. जे कशातच बसत नाही ते सस्पेन्समध्ये, म्हणजे तात्पुरत्या खात्यात, आणि सस्पेन्स शून्य झाल्याशिवाय फाइल पुढे सरकू द्यायची नाही. बँकेचे चार्जेस एका लेजरला टाकून मोकळे होऊ नका. त्यावरचा जीएसटी वेगळा काढला आणि तो टू-बीत आलेला असला तरच क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट.

टॅलीत चढवताना गोंधळ होतो तो दुबार एंट्रीचा. एप्रिल ते जून एकदा आलं, मग कुणीतरी जून ते ऑगस्ट चढवलं, आणि जून दोनदा. उपाय म्हणजे नॅरेशनमध्ये (एंट्रीखालच्या वर्णनात) यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, ठेवा. एनईएफटीचा १६ अक्षरी, आरटीजीएसचा २२, यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ अंकी. चढवण्यापूर्वी एक्सेलच्या काउंटइफ सूत्राने बघा, आधीच आहे का.

कंपनी असेल तर आणखी सावध राहा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बदलांची नोंद ठेवणारं, ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअर बंधनकारक आहे. चुकीच्या ४०० एंट्री चढवून मग पुसल्या तर त्या ४०० पुसल्याची नोंदही राहते आणि ऑडिटर तिच्याकडे बोट दाखवतोच. म्हणून आधी बॅकअप, मग कंपनीची प्रत उघडून त्यात चाचणी, मग खऱ्या वह्यांत. हा क्रम कंटाळवाणा वाटतो, वर्षातून एकदा तरी तोच वाचवतो.

टू-बीची जुळवणी

इनपुट क्रेडिट घ्यायचं तर ते टू-बीत असलं पाहिजे. त्यामुळे १४ ते २० हे सात दिवस जुळवणीचे, आणि मिसमॅचच्या याद्या घेऊन फोन करण्याचे. टॅलीची स्वतःची जुळवणी चांगली आहे. फाइल उतरवली की जुळलेलं, फक्त पोर्टलवर असलेलं, फक्त वह्यांत असलेलं, असे गट पडतात. तिची एकच अट बहुतेक ठिकाणी मोडलेली असते. जुळवणी 'सप्लायर इन्व्हॉइस नंबर'वर होते, टॅलीच्या व्हाउचर नंबरवर नाही. सहायक घाईत तो रकाना मोकळा सोडतात, किंवा बिलावर 'पीएन/००४५/२५-२६' असताना नुसतं ४५ टाकतात. मग सॉफ्टवेअरला नावं ठेवली जातात.

चाळीस पार्ट्यांत चार-पाच अशा असतात की त्यांच्याकडचा डेटा टॅलीत नसतोच. कुणी स्वतःचं बिलिंगचं सॉफ्टवेअर वापरतं, कुणी वही. त्यांच्यासाठी पॉवर क्वेरी. टू-बीच्या एक्सेलमधलं बी-टू-बी (नोंदणीकृत व्यापाऱ्यांमधल्या बिलांचं) शीट घ्या. मथळे दोन ओळींत आणि विलीन केलेले असतात, म्हणून वरच्या ओळी आधी काढा, रकान्यांना नावं हाताने द्या. मग दोन्ही बाजूंना एकच चावी तयार करा: जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी नोंदणी क्रमांक), आर्थिक वर्ष आणि साफ केलेला बिल नंबर. साफ करणं म्हणजे सगळी अक्षरं मोठी, रेघा-मोकळ्या जागा-टिंबं काढलेली, सुरुवातीची शून्यं आणि '२५-२६'सारखं वर्ष काढलेलं. आर्थिक वर्ष चावीत का? नंबरमधून '२५-२६' काढून टाकलं की मागच्या वर्षीचं ४५ आणि यंदाचं ४५ एकच होतात.

मर्ज करताना 'इनर'ने जुळलेली, 'लेफ्ट अँटी'ने फक्त वह्यांतली, 'राइट अँटी'ने फक्त पोर्टलवरची बिलं निघतात. जुळलेल्यांत कराच्या रकमेतला फरक दोन रुपयांच्या आत असेल तर सोडा. 'फझी मॅचिंग'ची खूण मात्र लावू नका. नावांसाठी ती ठीक आहे, बिलाच्या नंबरांसाठी घातक: १०४५ आणि १०५४ तिला भाऊ-भाऊ वाटतात.

एकदा क्वेरी बांधली की पुढच्या महिन्यात फोल्डरमधली फाइल बदलायची आणि 'रिफ्रेश ऑल'. इथपर्यंत सगळे येतात. खरा वेळ वाचवणारा रकाना पुढचा आहे, आणि तो फार थोड्या ठिकाणी दिसतो: पुरवठादार मासिक की तिमाही. तापकीर गल्लीतला छोटा विक्रेता तिमाही रिटर्न भरतो आणि आयएफएफच्या वाटेला जात नाही, तर त्याचं एप्रिलचं बिल जूनच्या टू-बीत, म्हणजे १४ जुलैला दिसेल. मे महिन्यात त्याला चार फोन करून काहीही होत नाही. तो म्हणतो 'भरलंय हो', आपण म्हणतो 'दिसत नाही', आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पुरवठादाराच्या यादीत हा रकाना भरला की 'पोर्टलवर नाही' ही यादी निम्म्याने कमी होते. उरलेल्यांना फोन करायला अर्थ असतो. त्यांनी दुसऱ्या राज्यातल्या शाखेच्या नंबरावर बिल दाखवलेलं असतं, किंवा जीएसटीआयएन न टाकता बी-टू-सीत (नोंदणी नसलेल्या ग्राहकांच्या विक्रीत) ढकललेलं असतं.

१४ ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस आहे: बिल स्वीकारा, नाकारा किंवा थांबवून ठेवा. काहीच केलं नाही तर स्वीकारलं असं धरलं जातं. काही साधनं एका क्लिकवर सगळं स्वीकारायची सोय देतात, ती वापरू नका. काही न करण्याने तेच होतं, आणि मुद्दाम स्वीकारण्याने फक्त आपलं नाव त्यावर लागतं. वेळ द्यायचा तो नाकारायच्या आणि थांबवायच्या बिलांना. क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारी नोंद) नाकारताना विशेष, कारण नाकारली की पुरवठादाराचं देणं वाढतं आणि मग त्याचा फोन येतो. १४ तारखेनंतर आयएमएसमध्ये काही बदललं तर टू-बी पुन्हा काढावं लागतं, ही पायरी विसरली की थ्री-बीत जुनाच आकडा जातो.

आर-वन चढवणं आणि ओटीपी

टॅलीतून आर-वन थेट चढतं आणि जेसन फाइल (पोर्टलला लागणारा फाइलप्रकार) हाताळणं संपतं. पण आधी पोर्टलवर पार्टीच्या प्रोफाइलमध्ये 'मॅनेज एपीआय अ‍ॅक्सेस' चालू करून बाहेरच्या सॉफ्टवेअरला परवानगी द्यावी लागते, आणि ती जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. जोडणीच्या वेळी ओटीपी जातो तो पार्टीच्या मोबाइलवर. मालक भोसरीच्या कारखान्यात, फोन केबिनमध्ये, आणि इकडे कार्यालयात सहायक बसून. सॉफ्टवेअरने वाचवलेली दहा मिनिटं ओटीपीच्या वाट पाहण्यात जातात. याला तांत्रिक उपाय शोधत बसू नका. महिन्याच्या ४ ते ६ तारखांत ओटीपीची वेळ ठरवून सगळ्यांना कळवा, सकाळी ११ ते १२. त्या तासात आठ-दहा पार्ट्यांच्या जोडण्या उरकतात.

जुलै २०२५ च्या कालावधीपासून थ्री-बीतला देय कराचा तक्ता आर-वनवरून आपोआप भरतो आणि हाताने बदलता येत नाही. चुकलं तर आर-वन-ए भरायचं, तेही कालावधीत एकदाच आणि थ्री-बीच्या आधी. म्हणून ११ तारखेचं वजन वाढलं आहे. 'आत्ता भरून टाकू, थ्री-बीत बघू' ही जुनी सवय आता चालत नाही. चढवण्यापूर्वी टॅलीतली 'अनसर्टन ट्रान्झॅक्शन्स'ची यादी रिकामी करा. बहुतेक वेळा तिथे एचएसएन (वस्तूचा कोड) नसलेले किंवा राज्य न भरलेले मास्टर (वस्तू-पार्ट्यांच्या मूळ नोंदी) सापडतात.

दराचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ ला १२ आणि २८ चे टप्पे बहुतेक वस्तूंवरून गेले. एक्सेलच्या साच्यांत ज्यांनी १२ हा आकडा कोरून ठेवला होता त्यांचे साचे तेव्हा तोंडावर पडले. दर मास्टरमध्ये 'लागू तारखे'सह ठेवा, साच्यात नको. टीडीएसलाही हेच: १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू आहे, आणि १९४सी (कंत्राटदार), १९४जे (व्यावसायिक फी) वगैरे जुनी कलमं कलम ३९३ खाली गेली आहेत. कलमाचं नाव सूत्रात घातलेलं असेल तर सूत्र शोधत बसावं लागेल.

बिलांचे फोटो वाचणारी साधनं

सगळ्यात जास्त जाहिरात यांची, आणि सगळ्यात कमी भरवसा यांचाच. छापील, स्वच्छ, एकाच मांडणीच्या बिलांवर ही साधनं चांगली चालतात. चाकणच्या एखाद्या कंपनीला रोज त्याच पुरवठादाराची वीस बिलं येत असतील तर जरूर घ्या. मार्केट यार्डातली हस्ताक्षरातली मराठी पट्टी, पेट्रोल पंपाची थर्मल कागदावरची फिकी पावती, व्हॉट्सअ‍ॅपने दाबून पाठवलेला तिरका फोटो, इथे ती दर चौथ्या रकान्यात अडखळतात. मग वाचलेलं तपासायला टायपिंगइतकाच वेळ जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून नको. फक्त तेवढ्याने वाचन सुधारतं.

वाचलेला जीएसटीआयएन तपासायला सूत्रं लावा. लांबी १५. पहिले दोन अंक २७ असतील तर महाराष्ट्र, म्हणजे साधारणपणे सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यातला कर). तसं नसेल आणि बिलावर आयजीएसटीही (परराज्यातल्या मालावरचा कर) नसेल तर काहीतरी चुकलं आहे. शेवटचं अक्षर तपासणीचं असतं, त्याचं सूत्र एकदा बसवलं की शून्य आणि ओ यांची अदलाबदल पकडली जाते. आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. जीएसटीआयएनचं सहावं अक्षर म्हणजे पॅनचं चौथं. ते पी किंवा एच असेल तर व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब, म्हणजे कंत्राटदाराच्या टीडीएसला १ टक्का. इतरांना २. एका 'मिड' सूत्रात टीडीएसचा दर लागतो, आणि सहायकाला दर वेळी विचारायला यावं लागत नाही.

पीडीएफचं एक्सेल करून देणारी फुकट संकेतस्थळं वापरू नका. पार्टीचं बँक स्टेटमेंट अनोळखी सर्व्हरवर चढवणं हे पार्टीला सांगून करायची कुणाची तयारी आहे का, एवढं स्वतःला विचारा.

विंडोजसोबत येणारं पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप चिल्लर कामांना छान: जोडलेल्या फाइल उतरवणं, त्यांना पार्टी-महिना-प्रकार असं नाव देणं, फोल्डरांत टाकणं. मोफत आवृत्तीत वेळ लावून आपोआप चालवता येत नाही, बटण दाबायला माणूस लागतो. पोर्टलवर लॉगिन करायला ते लावू नका. कॅप्चा अडवतो, आणि पोर्टलची मांडणी बदलली की नेमकं शेवटच्या दिवशी बंद पडतं. पगाराच्या शीटबद्दल एवढंच: फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० असतो, सूत्रात महिना तपासा.

बिलं मागणं

आता ज्याने रात्र वाचते ते. जीमेलच्या साध्या खात्यावरून गुगल अ‍ॅप्स स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांना मेल जाऊ शकतात, छोट्या कार्यालयाला पुरेसे. एका शीटवर पार्टी, मेल, काय यायचं आहे आणि 'आलं' असा रकाना. वेळेचा ट्रिगर लावून २७, १ आणि ३ तारखेला ज्यांच्यासमोर 'आलं' नाही त्यांनाच मेल. प्रत्येक मेलमध्ये फक्त त्या पार्टीचं काय बाकी आहे ते नावानिशी लिहा. 'कृपया सर्व कागदपत्रे पाठवावीत' अशी सरसकट विनंती कुणी वाचत नाही.

विक्री आणि खरेदी एकदम मागणं ही नेहमीची चूक. विक्रीचं बिल त्याच महिन्याच्या आर-वनमध्ये गेलंच पाहिजे. खरेदीचं क्रेडिट पुढच्या महिन्यातही घेता येतं, आर्थिक वर्ष संपल्यावरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तोपर्यंत. म्हणून विक्रीसाठी ३ तारीख, खरेदीसाठी १०. दहानंतर आलेली खरेदी पुढच्या महिन्यात, हे पार्टीला वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून कळवा. क्रेडिट महिनाभर लांबलं तर पार्टीचे पैसे अडकतात, त्यामुळे एक-दोन वेळा कुरकुर होते. तिसऱ्या महिन्यात बिलं ९ तारखेला येतात. कुठल्याही सॉफ्टवेअरच्या किमतीत हे मिळत नाही.

पाच कोटींवरच्या उलाढालीच्या पार्ट्यांचं काम इथे आणखी सोपं होतं. त्यांची ई-इन्व्हॉइस आर-वनमध्ये आपोआप येतात, मागायची उरतात ती फक्त बी-टू-सी आणि दुरुस्त्या. १० कोटींवरच्यांना बिल ३० दिवसांत पोर्टलवर नोंदवावं लागतं, हा नियम त्यांच्या लेखा विभागापेक्षा त्यांच्या गोडाऊनला आधी सांगा.

कुणी घ्यावं, कधी सुरू करावं

एकट्याने वीस-एक पार्ट्या सांभाळणाऱ्याला सिल्व्हर, टीएसएस आणि पॉवर क्वेरी पुरतं, फोटो वाचणारं साधन नको. तीन-चार सहायक असतील तर गोल्ड. पण आधी मास्टर साफ करायला दोन शनिवार काढा: एकाच पार्टीची तीन लेजरं, जीएसटीआयएन नसलेली, स्पेलिंग वेगळी. हे न करता ऑटोमेशन लावलं तर चुका फक्त जास्त वेगाने पडतात. कारखान्यातल्या एकट्या अकाउंटंटने मालकाकडे आधी टीएसएस मागावं, नवं सॉफ्टवेअर नंतर.

सुरुवात सप्टेंबरात करू नका. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे टू-बी तयार होते त्याच दिवशी. २० तारीख रविवारी, अनंत चतुर्दशी २५ ला, आणि टॅक्स ऑडिटचे ३० सप्टेंबर त्याला टेकून. लक्ष्मी रोडच्या आसपास कार्यालय असेल तर विसर्जनाच्या दिवशी तिथे पोचणंच अवघड. नोव्हेंबरात एका मासिक पार्टीवर चाचणी घ्या, जानेवारीत पाच, एप्रिलपासून सगळ्या. सप्टेंबरात फक्त ३ आणि १० तारखेचा नियम कडक ठेवा, आणि १५ ते १९ या पाच दिवसांत थ्री-बी भरून टाका. शेवटच्या संध्याकाळी पोर्टल संथ होतं तेव्हा ओटीपी येतो, पान उघडत नाही, आणि आरतीला सगळे थांबलेले असतात.